कोकणातला टेरियर: न्हाऊ घालणं सोपं, वाळवणं कठीण

गणपतीला चाकरमानी गावी येतात तेव्हा हल्ली गाडीतून पिशव्या-बोचक्यांबरोबर एखादा यॉर्की किंवा जॅक रसेलही उतरतो. शेजारची आजी "हो कुत्रो की मांजार?" म्हणत त्याला निरखून बघते, पोरं त्याला खळ्यात पळवतात आणि तिसऱ्या दिवशी त्याच्या पोटाखाली लाल चिखलाचे गोळे लोंबू लागतात. पाहुणा असेल तर आठवड्यात परत जातो. पण आता रत्नागिरी, चिपळूण, कुडाळ, अलिबागकडे बारमाही राहणाऱ्या घरांतही हे छोटे टेरियर आहेत, आणि त्यांच्यासाठी कोपऱ्यावर सलून नाही. बरंचसं काम घरीच करावं लागतं.

ते जमतं. अडचण एवढीच की कुत्र्याच्या निगेबद्दलचे बहुतेक सल्ले थंड, कोरड्या हवेतल्या लोकांनी लिहिलेले असतात. त्यांत शाम्पूवर पानभर मजकूर असतो आणि वाळवण्यावर एक ओळ. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि पाऊस नसतो तेव्हाही हवा दमटच. दोरीवरचा टॉवेल जिथे दोन दिवस सुकत नाही, तिथे केसांच्या मुळाशी राहिलेली ओल आपोआप कशी जाणार? खाज, कुबट वास, बुरशी, कानाची दुखणी यांना तिथेच आयतं घर मिळतं. म्हणून इथे विंचरणं आणि वाळवणं यांना जास्त जागा दिली आहे. कात्री नंतर.

आधी केस ओळखा

टेरियर म्हटलं की सगळ्यांचे केस सारखे नसतात. यॉर्कशायर टेरियर, म्हणजे आपला यॉर्की, रेशमी केसांचा. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडच्या यॉर्कशायरमध्ये ही जात घडली, उंदीर मारायला. ब्रिटनच्या केनेल क्लबने १८८६ साली तिला मान्यता दिली. वजन जेमतेम ३.२ किलोपर्यंत. याला आतला मऊ थर नसतो. केस माणसासारखे वाढत राहतात, फारसे गळत नाहीत, आणि म्हणूनच गुंततात.

वेस्टी (म्हणजे वेस्ट हायलँड व्हाइट टेरियर), केर्न टेरियर आणि राठ केसांचा जॅक रसेल यांचं वेगळं. वरचा केस खरखरीत, तारेसारखा. खाली मऊ लोकर. वरचा केस मेला तरी आपोआप पडत नाही, तिथेच अडकून राहतो. तिसरा प्रकार गुळगुळीत जॅक रसेलचा. त्याला कापायचं काही नाही, पण तो बारा महिने केस गाळतो आणि सोफ्याच्या कापडात ते सुईसारखे रुततात. त्याला आठवड्यातून दोन-तीनदा रबरी ब्रश मारला की झालं. पुढचा कात्रीचा भाग त्याच्या मालकांनी सरळ सोडून द्यावा. आंघोळ, कान, नखं, गोचीड मात्र त्यालाही चुकत नाहीत.

विकणाऱ्याने काय सांगितलं यावर जाऊ नका. पाठीवरचे केस दोन बोटांनी बाजूला करून मुळाशी बघा. कातडी लगेच दिसली तर एकेरी केस. मध्ये फिकट, दाट लोकर आली तर दुहेरी. यॉर्की म्हणून घेतलेले कितीतरी कुत्रे संकर असतात, आणि ल्हासा अप्सो किंवा शित्झू तर टेरियरच नव्हेत, जरी लांब केसांची रोजची निगा बरीचशी तशीच असली. जे हाताला लागतं त्याप्रमाणे वागायचं.

साहित्य, आणि त्याचा गंज

लांब किंवा राठ केसांना स्लिकर ब्रश (बारीक तारांचा), एका बाजूला बारीक आणि दुसऱ्या बाजूला रुंद दात असलेला धातूचा कंगवा, बोथट टोकाची छोटी कात्री, नखांचा कटर, रक्त थांबवायची पावडर, दोन-तीन शोषक टॉवेल आणि ड्रायर. एवढ्यावर घरचं काम भागतं. क्लिपर, म्हणजे मशीन, घ्यायचंच असेल तर कमी आवाजाचं आणि बॅटरीवर चालणारं घ्या. पावसाळ्यात लाईट कधी जाईल याचा नेम नाही. अर्धा कुत्रा भादरून मशीन बंद पडलं तर पुढचे दोन दिवस त्याला बघवत नाही.

किनाऱ्यापासून जवळ राहत असाल तर खाऱ्या हवेने ब्लेड आणि कात्री बघता बघता गंजतात. गंजलेलं ब्लेड केस कापत नाही, ओढतं, आणि कुत्रा जन्माची भीती घेऊन बसतो. काम झालं की ब्लेड ब्रशने झटकायचं, मशीनच्या तेलाचे दोन-तीन थेंब टाकून क्षणभर चालवायचं, पुसायचं, आणि घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसकट ठेवायचं. न्हाणीघरातल्या कोनाड्यात कधीच नाही.

विंचरणं: ब्रश वरून नाही, मुळापासून

घरोघरी दिसणारी पद्धत अशी: कुत्रा मांडीवर, वरून पाच मिनिटं ब्रश, पाठ चकचकीत. खाली कातडीला लागून नमदा, म्हणजे गुंतलेल्या केसांचा घट्ट थर, तयार होत असतो तो कुणाला दिसत नाही. ग्रूमरकडे, म्हणजे सलूनवाल्याकडे, नेल्यावर तो सांगतो की सगळं भादरावं लागेल, आणि मालक म्हणतो, "अहो, रोज विंचरतो आम्ही!" दोघंही खरं बोलत असतात.

यॉर्कीला रोज किंवा निदान दिवसाआड, वेस्टीला आठवड्यातून दोन-तीनदा विंचरावं. कुत्र्याला टेबलावर घ्या. खाली पाय न सरकणारी रबरी चटई किंवा गोणपाट हवं. एका हाताने केस वर धरा, म्हणजे खालची एक बारीक ओळ सुटी राहील. ती ओळ मुळापासून टोकापर्यंत विंचरा. मग वरचे थोडे केस खाली सोडा, पुढची ओळ. पायापासून सुरू करून वर पाठीपर्यंत जायचं. ब्रश झाला की त्याच भागातून कंगव्याची रुंद बाजू, मग बारीक बाजू. कंगवा कातडीपासून न अडता बाहेर आला तरच तो भाग झाला.

गुंता कुठे होतो हे ठरलेलं आहे: कानामागे, काखेत, जांघेत, शेपटीच्या मुळाशी आणि हार्नेसच्या, म्हणजे छातीभोवती बांधायच्या साजाच्या, पट्ट्याखाली. काखेचं उदाहरण घेऊ. पुढचा पाय थोडाच पुढे घ्या, बाजूला ताणू नका. छोट्या कुत्र्याचा सांधा नाजूक असतो. आत बोट घातलं की सुपारीएवढी गाठ लागते आणि कातडी तिच्याबरोबर वर उचलली जाते. गाठ आणि कातडी यांच्यामध्ये दोन बोटं घालून केस मुळाशी घट्ट धरा, म्हणजे ओढ कातडीला बसणार नाही. गाठीवर चिमूटभर कॉर्नफ्लॉर चोळा. मग कंगव्याच्या टोकाच्या एक-दोन दातांनी गाठीच्या बाहेरच्या कडेपासून थोडे थोडे केस मोकळे करा. मध्यावर हल्ला केला तर ती आणखी आवळते. पाच मिनिटांत सुटली नाही तर सोडून द्या. कात्री गाठीखाली सरकवून कापायचा मोह फार होतो, पण ओढलेली पातळ कातडी गाठीबरोबर कात्रीत येते आणि टाके घालावे लागतात. तिथे मशीनच चालवायचं, नाहीतर ग्रूमर.

आणि गुंता सोडवल्याशिवाय आंघोळ नाही. पाणी लागून वाळलेला गुंता दुप्पट घट्ट होतो, त्याच्या आत शाम्पू राहतो, ओल राहते, आणि दोन दिवसांत खाली लाल चट्टा.

आंघोळ

तीन-चार आठवड्यांतून एकदा पुरे. यॉर्की लांब केसांचा ठेवला असेल तर दोन आठवड्यांनी. कुत्र्याची कातडी आपल्याइतकी आम्लधर्मी नसते. आपला शाम्पू, अंगाचा साबण, कपड्यांची वडी यांनी ती कोरडी पडते आणि खाज सुटते. कुत्र्यांचाच शाम्पू घ्या आणि बाटलीवर लिहिल्याप्रमाणे मगात पाणी घालून पातळ करा. पातळ शाम्पू मुळापर्यंत जातो आणि निघतोही लवकर.

बंबातलं पाणी असेल तर भरपूर विसण घालून कोमट करा. मनगटाच्या आतल्या बाजूला ना गार ना गरम लागलं पाहिजे. कानात सुटा कापसाचा बोळा, जो नंतर आठवणीने काढायचा. आधी पाय, मग अंग, डोकं शेवटी, आणि तोंड फक्त ओल्या फडक्याने. केस गोल गोल चोळू नका, वाढीच्या दिशेने दाबत न्या. शाम्पू दोनदा. धुताना पाणी स्वच्छ वाहू लागलं की आणखी एक-दोन तांबे काखेत आणि जांघेत ओता, शाम्पू तिथेच दडतो. यॉर्कीला थोडं कंडिशनर चालतं. राठ केसांना नको, ते मऊ पडतात.

विहिरीचं पाणी मचूळ असेल तर शेवटचे चार तांबे गोड्या पाण्याचे ठेवा, नाहीतर केस चिकट राहतात. समुद्रावर नेलंत तर त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुणं आलंच, कारण मीठ कातडी ओढतं आणि काखेतली रेती चालताना घासते. किनाऱ्यावर मेलेला मासा दिसला की टेरियर त्यावर लोळणार. लांब दोरी हातात ठेवणं एवढाच त्यावर उपाय.

डॉक्टरांनी औषधी शाम्पू दिला असेल तर तो साधारण दहा मिनिटं अंगावर राहायला हवा. लावला आणि धुतला तर पैसे वाया. घड्याळ लावून बसा.

वाळवणं

न्हाणीतच केस हाताने वरून खाली दाबून पाणी निथळू द्या. मग जुना पंचा किंवा सुती साडीचा तुकडा अंगावर दाबा. घासू नका, घासलं की ताजा विंचरलेला केस परत गुंततो. पहिला ओला झाला की दुसरा, मग तिसरा. जितकं पाणी कापडाने टिपाल तितका ड्रायरचा वेळ वाचतो.

ड्रायर आपला घरचा चालतो, पण गार किंवा सौम्य कोमट हवेवर, आणि फूटभर लांबून. दुसरा हात कायम हवेच्या झोतात, कुत्र्याच्या कातडीवर ठेवा. हाताला चटका लागेल त्याच्या आधी थांबायचं. एका जागी झोत धरायचा नाही. सुरुवात कमरेपासून, म्हणजे आवाजाची सवय होते. जिथे झोत तिथेच ब्रश: केस मोकळे होत होत वाळले पाहिजेत. पाठ पटकन वाळते आणि माणूस फसतो. खरा वेळ पोट, काख, जांघ, बोटांच्या मधल्या बेचक्या आणि कानाच्या पाळीखाली लागतो, म्हणून पाठ अर्धी वाळली की लगेच तिकडे वळा. डोक्यावर झोत मारू नका, डोळे कोरडे पडतात; तिथे टॉवेल आणि कंगवा.

वाळलं की नाही हे डोळ्यांना कळत नाही. केस बाजूला करून मनगटाची आतली बाजू कातडीजवळ लावा. गारवा जाणवला तर ओल आहे. मग ड्रायर बंद करून दहा मिनिटं कुत्र्याला घरात फिरू द्या आणि परत तीच जागा बघा. मगाशी कोरडी वाटलेली काख अनेकदा पुन्हा दमट लागते. वेस्टीसारख्या दुहेरी केसांच्या कुत्र्याला ही दुसरी फेरी लागतेच, आणि त्याची कातडी मुळात ॲलर्जीकडे झुकणारी असल्यामुळे ती टाळून चालत नाही.

थंडीत, नोव्हेंबर ते फेब्रुवारी, सकाळच्या कोवळ्या उन्हात पडवीत बसवलं तर अर्धं काम फुकटात होतं. एप्रिल-मेच्या उन्हात नाही. चुलीपुढे किंवा बंबाजवळ तर मुळीच नाही. आणि ओल्या कुत्र्याला खळ्यात मोकळं सोडलंत तर तो पहिल्या मिनिटाला मातीत लोळेल, याची खात्री मी देतो.

भर पावसाळ्यात पूर्ण आंघोळीचा दिवस हवा बघून ठरवा: उघडीप, सकाळची वेळ, लाईट असलेली. संततधार लागली असेल तर आंघोळ आठवडाभर पुढे ढकला. फिरून आल्यावर पाय आणि पोट तेवढं मगभर पाण्याने धुवायचं, टिपायचं, बोटांच्या बेचक्यांत ड्रायर दोन मिनिटं. संपूर्ण ओला करून अर्धवट वाळवण्यापेक्षा चार दिवस वास येणारा कुत्रा बरा.

कान, नखं आणि बाकीची बारीक कामं

कुत्र्याच्या कानाची नळी आधी खाली आणि मग आत वळते. म्हणून कापसाची काडी घातली की मळ आणखी आत जातो. कान साफ करायचं औषध नळीत सोडा, बुडाशी बाहेरून अर्धा मिनिट चोळा, पचपच आवाज येतो. मग त्याला डोकं झटकू द्या आणि बाहेर आलेलं कापसाने पुसा. आठवड्यातून एकदा आणि प्रत्येक पोहण्यानंतर. कानातले केस उपटायची जुनी रीत आहे, पण निरोगी कानातले केस उगाच उपटले तर तिथेच सूज येते. गरज आहे का ते डॉक्टर सांगतील. तपकिरी मळ, आंबूस वास, डोकं एका बाजूला कलणं ही लक्षणं दिसली तर साफसफाई थांबवा आणि दाखवा.

नखं तीन-चार आठवड्यांनी. जांभ्यावर रोज पळणाऱ्याची थोडी झिजतात, पण आतल्या बाजूचं अंगठ्याचं नख कधीच झिजत नाही आणि वळून मांसात घुसतं. पांढऱ्या नखात गुलाबी शीर दिसते, तिच्या अलीकडे थांबायचं. काळ्या नखात ती दिसत नाही. कागदाएवढे पातळ काप घ्या आणि दर कापानंतर कापलेला भाग समोरून बघा. मध्यभागी गडद, ओलसर ठिपका आला की पुरे. रक्त आलंच तर पावडर दाबून धरा. नसेल तर कॉर्नफ्लॉर. तुरटीनेही थांबतं, पण झोंबते, आणि पुढच्या वेळी तो पाय हातात देत नाही.

दात रोज घासावेत, कुत्र्यांच्याच पेस्टने. आपल्या पेस्टमधलं फ्लोराइड आणि काहींतलं झायलिटॉल त्यांना घातक आहे. यॉर्कीचे दुधाचे दात अनेकदा पडत नाहीत आणि पक्के दात त्यांच्या शेजारी येतात. सहा-सात महिन्यांचा झाला की तोंड उघडून बघा.

शेपटीखालचे केस बारीक ठेवा, शी चिकटत नाही. तिथल्या ग्रंथी दर वेळी पिळून घ्यायची गरज नसते; कुत्रा बूड जमिनीला घासत चालू लागला तर डॉक्टरांकडे.

तेलाचं एक. कोकणात कुठल्याही दुखण्यावर खोबरेल किंवा करंजेल पुढे येतं. कुत्र्याच्या अंगभर तेल चोळलं की धूळ चिकटते, तो चाटत बसतो आणि पोट बिघडतं. भेगाळलेल्या तळव्याला खोबरेलाचा थेंब, एवढंच ठीक. टी ट्री तेल मात्र विषारी आहे, 'नैसर्गिक' लिहिलं असलं तरी.

गोचीड, कुसळं, उंदीर

टेरियरची नेमणूकच बिळातल्या प्राण्यांवर. घूस दिसली की तो गवतात, गडग्याच्या फटीत, शेणकीजवळ तोंड घालणार आणि गोचिडी घेऊन येणार. रोज संध्याकाळी कानाच्या घड्या, बोटांच्या बेचक्या, काख आणि पट्ट्याखालची मान बोटांनी चाचपा. गोचीड सापडली तर चिमट्याने कातडीला अगदी लागून धरा आणि सरळ, सावकाश ओढा. रॉकेल, काडी, नखाने चिरडणं नको. स्पिरिटच्या बाटलीत टाका. हातमोजे घाला. दोडामार्ग तालुक्यात २०१६ साली माकडतापाचे रुग्ण सापडले, तो जंगलातल्या गोचिडींमुळेच माणसाला होतो. तेव्हा रानातून आलेल्या कुत्र्याला हात लावताना सिंधुदुर्गात तरी काळजी हवी.

घरात वाढणारी तपकिरी गोचीड वेगळी. ती कुत्र्याला एर्लिकिया आणि बबेसिया हे रक्ताचे आजार देते: ताप, जेवण बंद, फिक्या हिरड्या, कधी नाकातून रक्त. ती चिऱ्याच्या भिंतीच्या फटीत अंडी घालते, त्यामुळे नुसता कुत्रा स्वच्छ करून भागत नाही. त्याचं अंथरूण गरम पाण्यात धुवा आणि फटी बुजवा. मानेवर टाकायचं औषध वजनानुसार डॉक्टरांकडून घ्या आणि ते घालण्याच्या दोन दिवस आधी-नंतर आंघोळ नको. गोठ्यातलं गुरांचं औषध अंदाजाने पातळ करून तीन किलोच्या जिवावर ओतणारे लोक आहेत. तसं करू नका. फिनेलने तर नाहीच नाही. घरात मांजर असेल, आणि कोकणात मासे असतात तिथे मांजर असतंच, तर परमेथ्रिन असलेलं औषध कुत्र्यालाही लावू नका. मांजरासाठी ते जीवघेणं आहे.

पाऊस ओसरल्यावर सड्यावरचं गवत वाळतं आणि कुसळं सुटतात. ती बोटांच्या मध्ये शिरतात, केसांच्या आड पुढे सरकतात आणि पाय चाटत बसण्यापलीकडे काही दिसत नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पंजाखालचे केस तळव्याच्या पातळीला कापून ठेवा. कानात गेलं तर एकाएकी जोरात डोकं झटकतो. तिथे आपण काही करायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टर.

लेप्टोचं, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसचं, तर इथे कुणाला सांगायला नको. उंदरांच्या मुतातून साचलेल्या पाण्यात येतो आणि कुत्र्यालाही होतो. त्याच्या लसीच्या कार्डावर लेप्टोची नोंद आहे का बघा, दर वर्षी द्यावी लागते. तुमच्या हाताला जखम असेल तर त्याचे चिखलाचे पाय हातमोजे घालून धुवा.

केस कापणं

घरी कापायचं ते एवढंच: पंजे, डोळ्यांच्या कोपऱ्यातले केस, शेपटीखाली, पोटाखाली. बाकी अंगाला हात घालण्याआधी एकदा ग्रूमरकडे समोर उभं राहून बघा.

मशीनच्या ब्लेडचा नंबर जितका मोठा तितका केस बारीक राहतो. १० नंबर साधारण दीड मिलिमीटर ठेवतो, पोटाला आणि मागच्या भागाला तोच. ७ नंबर तीनेक मिलिमीटर, ४ नंबर नऊ-दहा. मशीन केसांच्या दिशेने चालवा आणि दर दोन-तीन मिनिटांनी ब्लेड मनगटाला लावून बघा; तापलेलं ब्लेड पोटाची कातडी भाजतं. डोळ्यांजवळ फक्त बोथट कात्री, टोक कायम डोळ्यापासून लांब. यॉर्कीच्या डोक्यावर रबर बांधत असाल तर सैल बांधा आणि रोज सोडा.

उन्हाळा आला की "झिरो करून टाका" म्हणणारे फार. यॉर्कीला दोन-तीन सेंटिमीटरचा पपी कट इथे सगळ्यात सोयीचा. विंचरायला सोपा, वाळायला लवकर. कातडी दिसेपर्यंत कापलं तर ऊन थेट लागतं, डास चावतात. दुहेरी केसांच्या कुत्र्याचे केस तर पुन्हा नीट येतीलच असं नाही. अंगभर नमदा झाला असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा भादरणं हीच दया. तासन् तास गुंता ओढण्यात शूरपणा नाही.

राठ केसांच्या टेरियरला हँड स्ट्रिपिंग करतात: मेलेले लांब केस बोटांच्या चिमटीत थोडे थोडे धरून वाढीच्या दिशेने उपटायचे. पिकलेला केस सहज निघतो आणि कुत्र्याला दुखत नाही; दुखत असेल तर केस अजून पिकलेला नाही. वर्षातून दोनदा पुरतं. मशीन मारलं की हाच केस मऊ होतो आणि रंग उतरतो. प्रदर्शनाचा कुत्रा नसेल तर रंगाचं दुःख नको, पण मऊ केस चिखल धरतो आणि वाळायला वेळ लावतो. खरखरीत केसांवरून पाणी आणि माती झटकली जाते. त्यामुळे माझ्या मते स्ट्रिपिंगची खरी गरज आपल्यासारख्या पावसाळी मुलखातच आहे. पोट, जांघ, गळा या नाजूक जागी मात्र मशीनच, आणि कातडीला आजार असेल तर उपटणं बंद.

सलूनला नेताना

अलिबागवाल्यांना मांडव्याहून मुंबई आहे, सावंतवाडी-वेंगुर्ल्याला गोवा जवळ, रत्नागिरीला आंबा घाट चढून कोल्हापूर, चिपळूणला कुंभार्ली ओलांडून कराड. घाटात कुत्र्यांना गाडी लागते. निघण्याआधी तीन-चार तास जेवण नको. अगदी लहान यॉर्कीच्या पिल्लाला मात्र उपाशी ठेवू नका, साखर उतरून ते गळून जातं. यॉर्कीला सहा ते आठ आठवड्यांनी नेणं आदर्श. ते जमत नसेल तर निदान मेअखेरीस, आगोटीच्या खरेदीबरोबर एक फेरी करा: पोट, पाय, पंजे, शेपटीखाली बारीक, म्हणजे मिरगाचा पाऊस आला तरी चिखल धरायला केस कमी. पिल्लाची पहिली भेट लसी पूर्ण झाल्यावर, आणि त्या दिवशी फक्त आंघोळ-ड्रायर-नखं.

फोनवरच विचारून घ्या. लसीचं कार्ड मागतात का? जो मागत नाही तो आधीच्या कुत्र्याचंही मागत नसणार. दोन कुत्र्यांच्या मध्ये ब्लेड जंतुनाशकाने साफ करतात का? गजकर्ण असंच पसरतं, आणि माणसांनाही होतं. वाळवायला पिंजऱ्याचा ड्रायर वापरतात का, आणि तेव्हा जवळ कोण असतं? बंद पिंजऱ्यात गरम हवा सोडून माणूस चहाला गेला तर छोटा कुत्रा उष्माघाताने मरू शकतो. शांत राहावा म्हणून गोळी देतात का? 'हो' आलं तर तिथून निघा. ते काम फक्त पशुवैद्यकाचं. राठ केस असतील तर स्ट्रिपिंग येतं का. बरेच ठिकाणी "मशीन मारून देतो" असंच उत्तर मिळेल. मग निदान पाठीला १० नंबर लावू नका हे तरी ठणकावून सांगा.

टेबलाच्या दांडीला कुत्र्याला गळ्याने बांधतात. यॉर्कीची श्वासनलिका कमजोर असते आणि दाब पडला की ती चपटते, मग बदकासारखा खोकला येतो. तुमचा हार्नेस द्या आणि पट्टा छातीखालून घ्यायला सांगा. 'थोडे छोटे करा' असं मोघम बोलू नका. अंगावर एक इंच, पोटाला १० नंबर, शेपटीला हात नाही, चेहरा गोल. आणि फोटो दाखवा. कुठे चामखीळ किंवा जुनी जखम असेल तर बोटाने दाखवून द्या, केसांखाली ती दिसत नाही.

परत घेताना पैसे देण्याआधी काख आणि जांघ चाचपून ओल बघा. कानातला बोळा काढलाय का बघा. चारी अंगठ्यांची नखं मोजा. मागच्या पायांना ती नसतातही, पण पुढची दोन हमखास विसरतात. घरी आल्यावर पोटावर किंवा मागे लालसर पट्टे दिसले तर ती ब्लेडची जळजळ असते. गार पाण्याची ओली घडी ठेवा, त्याला चाटू देऊ नका, आणि तिथे पावडर-तेल काही लावू नका. एक-दोन दिवसांत उतरतं. चट्टा ओला, चिकट झाला किंवा वास आला तर मात्र तालुक्याच्या दवाखान्यात न्या. गुरांचे डॉक्टर म्हणून बाजूला ठेवू नका, ते कुत्रीही बघतात. जाताना सलूनमध्ये कोणता शाम्पू वापरला ते विचारून गेलात तर त्यांचं काम सोपं होतं.